जीवनशैलीची मासिके आणि मुक्त लेखकाचा मोबदला

स्वयंपाक, घराची मांडणी, आरोग्य, पेहराव, प्रवास, मुलांचे संगोपन आणि घरखर्चाचे नियोजन अशा रोजच्या जगण्याच्या विषयांवर वाचनीय आणि उपयोगी मजकूर देणाऱ्या नियतकालिकांना आज जीवनशैली मासिके म्हटले जाते. आणि अशा मासिकांची नोकरी न पत्करता, लेखागणिक मोबदला घेऊन त्यांच्यासाठी जो लिहितो तो मुक्त लेखक. मराठीत हौसेने लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे, लिहून नियमित पैसे मिळवणाऱ्यांची फार थोडी, आणि या तफावतीचे खापर बहुधा संपादकांच्या कद्रूपणावर किंवा वाचकांच्या उदासीनतेवर फोडले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु एक कारण लेखकाच्या कार्यपद्धतीतही आहे. बहुतेक नवे लेखक आधी लेख लिहून पूर्ण करतात आणि मग तो कोठे छापून येईल याचा शोध घेतात. मासिकाचे काम नेमके उलट्या क्रमाने चालते: आधी अंकाची आखणी होते, पाने वाटली जातात, जाहिरातींच्या जागा ठरतात, आणि त्यानंतर उरलेल्या मोकळ्या जागेत कोणता मजकूर कोणाकडून लिहवून घ्यायचा याचा विचार सुरू होतो. पैसे त्या मोकळ्या जागेसाठी असतात, आणि ती जागा ज्याला बाहेरून ओळखता येते त्याला काम मिळण्याची शक्यता वाढते.

ही रचना नवी नाही. मराठीतील जीवनशैली मासिकाचा पूर्वज शोधू गेल्यास तो साहित्यिकांच्या बैठकीत सापडत नाही, लोखंडी नांगर बनवणाऱ्या एका कारखान्यात सापडतो. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची आणि मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचावी म्हणून शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच ‘शंवाकि’, यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले; पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये त्याला ‘स्त्री’ची आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ची जोड मिळाली. उद्योग, आरोग्य, गृहव्यवस्था, स्त्रियांचे प्रश्न आणि तरुणांच्या आकांक्षा असे विषय या मासिकांनी मध्यमवर्गीय घरांत नेले. पुण्याच्या मेनका प्रकाशनाच्या ‘मेनका’, ‘माहेर’ आणि ‘जत्रा’ या मासिकांनी कथा आणि विनोद यांना मध्यभागी ठेवले, तर दिल्ली प्रेस या समूहाने १९७९ मध्ये हिंदीत काढलेल्या ‘गृहशोभा’ची मराठी बहीण ‘गृहशोभिका’ हिने गृहिणीला लागणारी माहिती आणि कथा यांची सांगड घातली. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनी हा प्रांत आणखी विस्तारला: ‘लोकसत्ता’ची ‘चतुरंग’, ‘व्हिवा’ आणि ‘वास्तुरंग’, ‘लोकमत’ची ‘सखी’ या पुरवण्या नावाने मासिके नसल्या तरी स्वभावाने जीवनशैलीचीच नियतकालिके आहेत. संपादकीय विभागात मोजकी माणसे आणि लेखकवर्ग मुख्यत्वे बाहेरचा, ही या सर्वांची समान घडण होय, आणि मुक्त लेखकाला जागा मिळते ती या घडणीमुळेच.

मासिकाकडे पैसा कोठून येतो हे समजल्याशिवाय तो लेखकाकडे कसा जातो हे समजत नाही. अंकाच्या छापील किमतीतून विक्रेत्याचे आणि वितरकाचे कमिशन, कागद, छपाई आणि टपाल वजा केल्यावर प्रकाशकाच्या हाती थोडेच उरते, म्हणून जीवनशैली मासिकाचा खरा आधार जाहिरात हाच असतो. साहजिकच ज्या विषयाच्या शेजारी जाहिरातदार बसू इच्छितो त्या विषयाची पाने वाढतात. घरसजावटीजवळ रंग आणि फर्निचरचे उत्पादक येतात, लग्नसराईच्या अंकात सराफ आणि साडीची दुकाने येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर सहल कंपन्या येतात, आणि मुलांच्या आहारावरील लेखाशेजारी दुधात घालायच्या पावडरी येतात. मुक्तचिंतन, आठवणी आणि ललित लेख यांच्याजवळ कोणी जाहिरातदार हट्टाने बसत नाही. तरीही संपादकाकडे येणाऱ्या टपालात याच प्रकारच्या लेखनाचा ढीग सर्वांत मोठा असतो. ललित लेखनाला कमी लेखण्याचे कारण नाही, पण मोबदल्याचा विचार करणाऱ्याने हे पाहावे की जेथे लेखकांची गर्दी आहे तेथे मासिकाचे पैसे नाहीत, आणि जेथे पैसे आहेत तेथे परिश्रमाने माहिती गोळा करून लिहिणाऱ्यांचा तुटवडा आहे.

या पैशाच्या विषयांत मात्र मुक्त लेखकासमोर एक प्रतिस्पर्धी उभा असतो, आणि तो दुसरा लेखक नसून तज्ज्ञ असतो. आहारतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, गुंतवणूक सल्लागार, अंतर्गत सजावटकार हे बहुधा विनामूल्य लिहायला तयार असतात, कारण नावाखाली छापली जाणारी ओळख हाच त्यांचा मोबदला असतो. संपादकाला अधिकारवाणीचा मजकूर फुकट मिळत असताना तो त्याच विषयावर लेखकाला पैसे का देईल, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या तज्ज्ञांचे हस्तलिखित ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक असते. वाक्ये विस्कळीत, अर्धे शब्द इंग्रजी, वाचकाला काय कळत नाही याची जाणीव नाही, आणि मजकूर शब्दमर्यादेच्या दुप्पट. येथेच मराठी नियतकालिकांत रुळलेले शब्दांकनाचे काम येते. शब्दांकन म्हणजे जाणकार व्यक्तीशी बोलून, तिचे म्हणणे टिपून, ते तिच्याच नावाने पण वाचनीय मराठीत मांडणे. लेखाच्या शेवटी ‘शब्दांकन’ असे लिहून पुढे लेखकाचे नाव दिले जाते. नवखे लेखक या कामाला दुय्यम समजतात आणि ते टाळतात, वास्तविक नियमित काम मिळवून देणारा याच्याइतका भरवशाचा मार्ग दुसरा नाही. एका डॉक्टरांचे सदर वर्षभर नीट शब्दबद्ध करणारी व्यक्ती संपादकाला दर महिन्याच्या एका विवंचनेतून मोकळे करते, आणि पुढच्या वर्षीच्या आखणीत तिचे नाव आपोआप येते. सदर म्हणजे ठरावीक काळाने, ठरावीक जागी, एकाच सूत्रावर येणारा मजकूर. एकट्यादुकट्या लेखापेक्षा सदर मिळवणे लेखकाच्या दृष्टीने कितीतरी लाभाचे, कारण त्यात वर्षाची मिळकत आधी ठाऊक असते.

शब्दांकनाच्या जोडीला अनुवाद आणि संपादन-साहाय्य ही दोन कामे येतात. एकाच समूहाची मासिके अनेक भाषांत निघतात तेव्हा काही मजकूर एका भाषेतून दुसरीत न्यावा लागतो, आणि पाककृती, सौंदर्यप्रसाधने, कर्जाचे हप्ते यांविषयीचा मजकूर मराठी वाटेल अशा मराठीत उतरवणारे हात सहज मिळत नाहीत. दिवाळीच्या आधीच्या महिन्यांत मुद्रितशोधनाला, म्हणजे छपाईपूर्वी मजकुरातील चुका तपासण्याच्या कामाला, तर अनेक कार्यालयांत माणसे कमी पडतात. या कामांवर नाव छापून येईलच असे नाही, परंतु त्या निमित्ताने कार्यालयात जो वावर होतो त्यातून पुढचे लेख मिळतात.

मासिकाची निवड कशी करावी, याचे उत्तर मासिकातच छापलेले असते. प्रत्येक नोंदणीकृत नियतकालिकात प्रकाशक, मुद्रक आणि संपादक यांची नावे व प्रकाशनस्थळ यांचा उल्लेख असतो. या माहितीच्या जागेला श्रेयनामावली म्हटले जाते आणि सामान्य वाचक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, तरी हा अंक कोण काढते आणि त्याची जबाबदारी कोणावर हे वाचकाला कळावे हे तत्त्व कायम आहे. श्रेयनामावलीतून संपादक, कार्यकारी संपादक आणि पुरवणीप्रमुख यांतील नेमके कोणाला लिहायचे हे समजते. त्यानंतर मागील वर्षभराचे अंक समोर ठेवून लेखकांच्या नावांची छाननी करावी. जी नावे श्रेयनामावलीतही आहेत त्यांचा मजकूर पगारी कर्मचाऱ्यांनी लिहिलेला. ज्या नावांपुढे पदवी आणि दवाखान्याचा पत्ता आहे तो बहुधा विनामूल्य. आणि जी नावे या दोन्हींत बसत नाहीत, पण वर्षात दोन-तीनदा वेगवेगळ्या विषयांवर दिसतात, ती मुक्त लेखकांची. ती ज्या पानांवर आढळतात तीच पाने बाहेरच्या माणसासाठी उघडी आहेत असे समजावे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच ते करणारे थोडे आहेत. जुने अंक विकत घेण्याची गरज नसते. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत ते उपलब्ध असतात.

आखणीचे दुसरे अंग म्हणजे दिनदर्शिका. मासिकाचा अंक वाचकाच्या हाती पडण्याच्या दोन ते तीन महिने आधी त्याची जुळवाजुळव सुरू होते, त्यामुळे संक्रांतीचा लेख संक्रांत जवळ आल्यावर सुचवणारा लेखक संपादकाच्या दृष्टीने पुढच्या वर्षीचा लेखक असतो. आंब्याचा मोसम, पावसाळी भटकंती, शाळा सुरू होण्याचे दिवस, श्रावणातील उपवास, गणपती, लग्नसराई, ८ मार्चचा महिला दिन हे टप्पे दरवर्षी येतात आणि दरवर्षी संपादकाला त्याच विषयावर काहीतरी वेगळे हवे असते. या सर्वांच्या शिरोभागी दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून ही प्रथा इतकी फोफावली की आज दरवर्षी शेकड्यांनी दिवाळी अंक निघतात आणि त्यांत आरोग्य, पाककला, पर्यटन, ज्योतिष अशा एकाच विषयाला वाहिलेल्या अंकांचाही समावेश असतो. या अंकांची विषयनिश्चिती उन्हाळ्यातच सुरू होते आणि मजकूर साधारणपणे पावसाळ्यात मागवला जातो. दिवाळी अंकांचे अर्थकारण मात्र फसवे आहे. प्रतिष्ठित अंक आमंत्रित लेखकांना सन्मानाने मानधन देतात. काही अंक केवळ जाहिरातींसाठी निघतात आणि लेखकाच्या हाती अंकाची एक प्रत ठेवून कृतकृत्य होतात. मानधन मिळते की नाही हे लेख पाठवण्यापूर्वी विचारणे अशिष्ट आहे, अशी एक समजूत मराठी लेखकांत खोल रुजलेली आहे. ती सोडून द्यावी. कागदवाला, छपाईवाला, मुखपृष्ठाचा चित्रकार यांपैकी कोणीही आधी दर ठरवल्याशिवाय काम हाती घेत नाही, आणि त्याबद्दल त्यांना कोणी अशिष्ट म्हणत नाही.

संपूर्ण लेख न पाठवता आधी त्याचा प्रस्ताव पाठवणे, ही पद्धत इंग्रजी मासिकांत सार्वत्रिक आहे आणि तेथे तिला ‘पिच’ म्हणतात. १९५९ पासून निघणारे ‘फेमिना’, २००१ मध्ये सुरू झालेले ‘आउटलुक ट्रॅव्हलर’, २००७ मध्ये भारतात आलेले ‘व्होग’ अशा नियतकालिकांच्या जगात पिच हा व्यवहाराचा पाया मानला जातो. मराठीतही आधी प्रस्ताव मांडता येतो, मग तो दूरध्वनीवरील पाच मिनिटांच्या बोलण्यातून का असेना. प्रस्तावाची लांबी दीडशे-दोनशे शब्दांपेक्षा जास्त नसावी आणि त्यातून विषय, त्यातील नेमका कोन, तो याच अंकात का हवा, माहिती कोणाकडून मिळणार, शब्दसंख्या किती आणि छायाचित्रे कोण देणार, इतके समजले पाहिजे. यांत सर्वाधिक दुर्लक्षित घटक म्हणजे कोन. ‘दिवाळीचा फराळ’ हा नुसता विषय झाला, आणि त्यावर लिहायला तयार असलेली माणसे प्रत्येक संपादकाच्या परिचयात आधीच असतात. परंतु परदेशी राहणाऱ्या मुलांना फराळ पाठवताना कोणते पदार्थ प्रवासात टिकतात, चकली मोडू नये म्हणून घरगुती व्यावसायिक ती कशी बांधतात, टपाल खाते आणि खासगी कुरिअर यांच्या दरांत आणि वेळेत किती अंतर पडते, आणि कोणत्या देशाच्या सीमाशुल्क तपासणीत दुधाचे पदार्थ अडतात, असा प्रस्ताव आला तर संपादकाला त्याच्या डोळ्यांसमोर मथळा, चौकट आणि छायाचित्र तिन्ही दिसू लागतात. चौकट म्हणजे मुख्य लेखाशेजारी वेगळ्या पार्श्वभूमीवर छापलेला छोटा माहितीवजा मजकूर. ती स्वतःहून लिहून देणारा लेखक कार्यालयात लोकप्रिय होतो. शिवाय अशा लेखाशेजारी कुरिअर कंपनीची किंवा फराळ विकणाऱ्या दुकानाची जाहिरात मिळू शकते हेही संपादक मनातल्या मनात टिपून ठेवतो, मग ते तो बोलून दाखवो वा न दाखवो.

प्रस्तावासोबत प्रकाशित लेखनाचे एक-दोन नमुने जोडावेत. नमुने नसतील तर त्याच मासिकाच्या धाटणीचा एक छोटा मजकूर लिहून जोडता येतो. स्थानिक दैनिकाच्या किंवा गोव्यातील एखाद्या वृत्तपत्राच्या पुरवणीत आलेला लेख, अथवा परदेशातील मराठी मंडळांनी स्वयंसेवी वृत्तीने चालवलेल्या अंकातील लेख, नमुना म्हणून पुरेसा असतो, जरी अशा अंकांकडून पैसे मिळत नसले तरी. विनामूल्य लिहिण्याचा एवढा एकच व्यावहारिक उपयोग, आणि तोही दोन-चार लेखांपुरता. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा दिसणाऱ्या अक्षररचनेत, टंकलिखित असावा. तोच लेख एकाच वेळी दोन मासिकांना पाठवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण दोन्हीकडे तो छापला गेला तर दोन्ही दरवाजे कायमचे बंद होतात. प्रस्तावाला दोन-तीन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करून, नंतर तसे कळवून, तो दुसरीकडे पाठवणे मात्र पूर्णपणे रास्त आहे.

प्रस्ताव स्वीकारला गेला की व्यवहाराचे बोलणे सुरू होते. इंग्रजी मासिकांत मोबदला बहुधा शब्दांवर मोजला जातो, मराठीत तो लेखावर किंवा पानावर ठरतो, आणि काही शे रुपयांपासून काही हजार रुपयांपर्यंत त्याची व्याप्ती असते. रकमेइतकेच महत्त्व ती केव्हा मिळणार याला आहे. लेख स्वीकारल्यावर पैसे देण्याची पद्धत विरळा. रूढ पद्धत प्रसिद्धीनंतरची आहे, आणि म्हणून लेख घेऊन ठेवला पण छापलाच नाही तर काय, हा प्रश्न उरतो. पाश्चात्त्य देशांतील मासिकांत यावर ‘किल फी’ नावाचा तोडगा आहे: संपादकाने सांगून लिहवून घेतलेला लेख न छापल्यास ठरलेल्या रकमेचा काही हिस्सा लेखकाला मिळतो आणि लेख दुसरीकडे देण्याची मोकळीक राहते. मराठीत ही प्रथा रुजलेली नाही, तरी ‘अमुक अंकापर्यंत लेख न आल्यास तो अन्यत्र देण्यास मोकळीक असावी’ असे एक वाक्य ईमेलमध्ये लिहून ठेवण्यास कोणाची हरकत नसते. ठरलेली रक्कम, शब्दसंख्या, मजकूर देण्याची तारीख, छायाचित्रांचा वेगळा मोबदला आणि प्रवासखर्च कोणाचा, इतके मुद्दे दूरध्वनीवर ठरले असले तरी त्याच दिवशी ईमेलने कळवावेत. संपादकाचे ‘ठीक’ एवढे उत्तरही पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते. मजकुरासोबत बिल आणि बँकेचा तपशील पाठवला की हिशेब विभागाला सबब सांगायला जागा राहत नाही. ज्या लेखकाने सेवाव्यवसाय म्हणून ‘उद्यम’ नोंदणी केली आहे त्याच्या बाजूने सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदाही उभा राहतो: त्यानुसार देयक चुकते करण्याची मुदत करार करूनही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने व्याज मागता येते. हे हत्यार प्रत्यक्ष उपसण्याची वेळ क्वचितच येते आणि येऊही नये, कारण मराठी प्रकाशनाचे जग लहान आहे. परंतु त्याचा नम्र उल्लेख केल्याने थकलेले पैसे निघतात.

मानधनाच्या रकमेवर घासाघीस करणारे लेखक हक्कांच्या बाबतीत मात्र आश्चर्यकारक उदार असतात. वास्तविक भारताचा १९५७ चा प्रतिमुद्राधिकार कायदा, ज्याला बोलीभाषेत कॉपीराइटचा कायदा म्हणतात, मुक्त लेखकाच्या बाजूने बराच झुकलेला आहे. मासिकाच्या नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुराचा नियतकालिकात प्रसिद्धी करण्यापुरता हक्क मालकाकडे जातो; पण मुक्त लेखक नोकर नसल्यामुळे, वेगळा लेखी करार नसेल तर, लेखाचा पहिला मालक तोच राहतो आणि हा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या वारसांकडे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर त्यासाठी सहीचा लेखी दस्तऐवज लागतो. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. इतकेच नव्हे, हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्याचा वापर केला नाही तर, दस्तऐवजात वेगळे लिहिलेले नसल्यास, तो हक्क संपुष्टात आला असे समजले जाते. लेखावर स्वतःचे नाव असावे आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी त्याची मोडतोड होऊ नये, हा नैतिक हक्क तर बाकीचे सर्व हक्क दिल्यानंतरही लेखकाकडेच राहतो. कल्पनेला मात्र कायद्याचे संरक्षण नाही, ते तिच्या शब्दरूपाला आहे. म्हणून प्रस्तावात कोन स्पष्ट करावा, पण सगळी माहिती आणि माहितगारांची नावे त्यात ओतू नयेत.

या हक्कांची किंमत मराठीत वारंवार सिद्ध झालेली आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ आधी ‘किर्लोस्कर’ मासिकातून क्रमशः आले आणि नंतर पुस्तकरूपाने अनेक पिढ्यांनी विकत घेतले. अनिल अवचट यांच्या कित्येक पुस्तकांतील लेख प्रथम नियतकालिकांत आणि दिवाळी अंकांत प्रसिद्ध झालेले आहेत. केवळ स्वयंपाकघरातील ज्ञान नीट मोजमाप देऊन लिहिले तर त्याला किती दीर्घ आयुष्य लाभते, हे कमलाबाई ओगले यांच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने दाखवून दिले. यामुळे ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशा शब्दांचा करार समोर आला, तर त्यावर सही करण्यापूर्वी निदान पुस्तकाचे आणि श्राव्य आवृत्तीचे हक्क वगळण्याची विनंती करावी. बहुतेक वेळा ती मान्य होते, कारण तो मजकूर कार्यालयातील कोणीतरी दुसऱ्या करारावरून उतरवून घेतलेला असतो आणि त्याचा आग्रह कोणालाच नसतो.

जीवनशैली मासिकांत सर्वाधिक पैसे देणारे काम मात्र लेखाचे नसून लेखासारख्या दिसणाऱ्या जाहिरातीचे असते. त्याला ‘ॲडव्हर्टोरियल’ म्हणतात: जाहिरातदार पानाचे पैसे देतो, मजकूर लेखाच्या धर्तीवर लिहवून घेतला जातो. हे काम करण्यात गैर काही नाही, अट इतकीच की ती जाहिरात आहे हे वाचकाला पानावरच स्पष्ट दिसले पाहिजे, आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेचीही तीच अपेक्षा आहे. लेखकाने अशा मजकुरावर स्वतःचे नाव घालू देऊ नये, अन्यथा उद्या त्याच विषयावर त्याने स्वतंत्रपणे लिहिलेले कोणी खरे मानणार नाही. आरोग्याच्या बाबतीत प्रश्न केवळ विश्वासार्हतेचा राहत नाही. औषधे आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा मधुमेह, कर्करोग अशा यादीतील आजारांवर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो, आणि त्याचा रोख अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणत्याही प्रकारे सहभागी होणाऱ्यावर आहे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे वाक्य पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते ग्राहकाच्या सांगण्यावरून लिहिले, हा बचाव पुरेसा ठरेलच असे नाही.

शेवटी कराचा भाग, जो लेखक बहुधा मार्चअखेरीस आठवतो. मोबदला देणारी कंपनी किंवा संस्था वर्षभरात एका लेखकाला ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक रक्कम देणार असेल, तर ती व्यावसायिक शुल्कावर १० टक्के करकपात करून उरलेले पैसे देते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० रुपयांवरून ५०,००० रुपये झाली. पॅन क्रमांक दिला नाही तर कपात २० टक्क्यांवर जाते, म्हणून पहिल्या बिलावरच तो लिहावा. कापलेली रक्कम बुडत नाही: लेखकाचे एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती परत मिळते, आणि केवळ विवरणपत्र न भरल्यामुळे दरवर्षी ती सोडून देणारे लेखक कमी नाहीत. टंकलेखन, प्रवास, पुस्तके, इंटरनेट असा लेखनासाठी झालेला खर्च पावत्या जपल्यास उत्पन्नातून वजा दाखवता येतो. साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय पुस्तकांच्या स्वामित्वधनावर जुन्या करप्रणालीत तीन लाख रुपयांपर्यंत जी वजावट मिळते, तिच्यातून मासिके आणि वृत्तपत्रे यांतील लेखन स्पष्टपणे वगळलेले आहे. त्यामुळे एकाच लेखमालेचे मासिकाकडून आलेले मानधन आणि तिच्याच पुस्तकाचे प्रकाशकाकडून आलेले स्वामित्वधन यांचा हिशेब पहिल्या वर्षापासून वेगळा ठेवावा लागतो.